पायावरचं व्हायोलिन

उपळेकर व्हायोलिन पायावर वाजवायचे.

म्हणजे पायाने नव्हे. तसं असतं तर मी शेजारी बसून तिकिटं फाडली असती. ते जमिनीवर फतकल मारायचे, उजवा पाय पुढे सोडायचे, बूट काढायचे, मोजा काढायचे, मोज्याची नीट घडी करून ती खिशात ठेवायचे आणि व्हायोलिनचं ते वळलेलं डोकं उघड्या घोट्यावर टेकवून दुसरी बाजू छातीशी धरायचे. मग गज फिरायला लागायचा. आणि हे घरात नव्हे, तर डँडेनॉन्गच्या आमच्या पार्कात, ओल्या गवतावर, इकडच्या उलट्या ऋतूंतल्या जुलैच्या थंडीत, तोंडाला मास्क लावून. फिरायला आणलेली कुत्री थांबून त्यांचा अंगठा हुंगायची. उपळेकर गज न थांबवता अंगठा हलवायचे.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा पडला. पाय मुरगळला म्हणून बूट काढून बसलाय. लॉकडाऊन होता, कोणाच्या जवळ जायची बंदी होती, पण पडलेल्या माणसाला लांबून विचारायला काय जातं? मी माझ्या इंग्रजीत विचारलं, "लेग ब्रोकन?"

त्यांनी वर बघितलं. माझी साडी, तिच्यावर जावयाचं जाकीट, पायात स्पोर्ट शूज, हे सगळं बघून झाल्यावर मराठीत म्हणाले, "नाही बाई. सूर उतरलाय."

उपळेकर सांगलीचे. साखर कारखान्यात टाइमकीपर म्हणून जन्म काढला आणि रविवारी भजनाला, कीर्तनाला व्हायोलिनची साथ केली. मी कराडची. परदेशात सांगली आणि कराड म्हणजे एका घरातल्या दोन खोल्या. त्यात त्यांच्या मुलाचं घर आमच्या मागच्या गल्लीत, कुंपणाला कुंपण लागून. सरकारचा नियम असा होता की दिवसातून तासभर व्यायामाला बाहेर पडा आणि बरोबर एकच माणूस घ्या. माझ्या मुलीला, सुनंदाला, गोदामातल्या शिफ्टमधून सवड नाही. त्यांच्या घरातले सगळे दिवसभर कॉलवर. तेव्हा सरकारने मंजूर केलेला एक माणूस म्हणून मला उपळेकर मिळाले आणि उपळेकरांना मी. निवड करायला दिली असती तर दोघांनीही दुसरं कोणीतरी घेतलं असतं.

मला गाण्यातलं काही कळत नाही. उपळेकरांचं वाजवणं बरं होतं. लग्नात जेवणावळीच्या वेळी चालेल इतपत. खरा त्रास त्यांच्या बोलण्याचा होता. विषय एकच. तीनशे-चारशे वर्षांपूर्वी देशोदेशी फिरणारे गाणारे-वाजवणारे. कोण कुठल्या जहाजातून उतरला, कुठल्या घाटाने वर चढला, कुठल्या दरबारात काय वाजवलं आणि तिथून जाताना काय उचलून नेलं. माझा इतिहास चौथीच्या पुस्तकात संपलेला. त्यामुळे मला त्यांना अडवताही यायचं नाही.

सनई म्हटली की ती इराणातून आली. सरोद अफगाण घोडेवाल्यांबरोबर आलं. भजनातली पेटी साहेबाची. आपलं काही आहे की नाही, असं मी एकदा चिडून विचारलं तर म्हणाले, "सगळं आपलंच आहे, कदमबाई. आलं, बसलं, आपलं झालं."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दर दहा मिनिटांनी यायचं. मिरची? आलं, बसलं, आपलं झालं. बटाटा? आलं, बसलं, आपलं झालं. इथल्या मराठी मंडळाने त्या वर्षी गणपती कंप्यूटरवर बसवला. सगळे आपापल्या घरून आरत्या म्हणणार. उपळेकर वयाने मोठे म्हणून त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी दोन शब्दांत पेटी, तबला आणि मोदकाबरोबरची बटाट्याची भाजी, तिघांनाही परकं ठरवलं. पेटीवाले जोशी चौकोनातून उठून गेले, ते आरतीलासुद्धा परत आले नाहीत. उपळेकरांना कळेना की काय चुकलं. "मी तर कौतुक करत होतो," मला म्हणाले.

त्यांची आवडती गोष्ट एका फिरंगी खलाशाची होती. ती मी इतक्या वेळा ऐकली की तो खलाशी मला नात्यातला वाटायला लागला. हा खलाशी गोव्याला जहाजातून उतरला, तापाने फणफणलेला. जहाज त्याला टाकून गेलं. बरा झाला तेव्हा जवळ काय, तर एक फिडल. ती घेऊन तो बैलांच्या तांड्याबरोबर घाट चढला आणि विजापूरला दरबाराच्या दारात उभा राहिला. उभा राहून, हनुवटीखाली धरून वाजवायला लागला. दरबारी गवई हसले. त्यांच्यातला एक म्हातारा उठला, त्याने खलाशाचा हात धरला आणि म्हणाला, बस. खलाशी बसला. बसल्यावर फिडल धरायची कुठे, तर पायावर. "झालं," उपळेकर म्हणायचे. "तेव्हापासून ते वाद्य बसलं."

खरं की खोटं ते त्यांनाच ठाऊक. कुठे वाचलंत असं विचारलं की म्हणायचे, असं कुठे लिहून ठेवतात होय?

मी दर वेळी एकच विचारायची. "त्याच्या बायकोचं काय झालं?"

"कोणाच्या?"

"खलाशाच्या. तिकडे असेल ना घरी."

उपळेकर वैतागायचे. "संगीताचा इतिहास चाललाय, कदमबाई."

"असू दे ना. पण तिचं काय झालं?"

मग आम्ही पार्काची आणखी एक फेरी मारायचो.

उपळेकरांना इथे मुलाने आणलं होतं, तीन महिन्यांसाठी. तेवढ्यात विमानं बंद झाली. व्हिसा वाढवून मिळाला. माणूस मात्र वाढीव झाला. त्यांना गॅरेजची केलेली खोली दिली होती. गालिचा, हीटर, टीव्ही, सगळं होतं. मी एकदा दारातून डाळीच्या पिठाचा डबा द्यायला गेले तेव्हा बघितलं, बॅग पलंगाजवळ उभी. कपडे तिच्यातच. रोज सकाळी चेन उघडायची, शर्ट काढायचा, चेन लावायची. सहा महिने होऊन गेले तरी कपाट रिकामं.

"फिरता वाजवणारा कपाट वापरत नाही," मला म्हणाले.

मुलाला, निखिलला, ते यजमान म्हणायचे. तोंडावर म्हणायचे. "यजमान, आज दूध संपलंय." सुनेला राणीसरकार. श्रुतीला आधी गंमत वाटायची, मग वाटेनाशी झाली. ती बँकेच्या कंप्यूटरचं काम घरून करायची आणि तिच्या खोलीची भिंत गॅरेजला लागून. कॉलवर असताना मागून व्हायोलिन यायचं. तिच्या साहेबाने एकदा विचारलं म्हणे की तुमच्याकडे कोणी आजारी आहे का. त्या दिवसापासून दिवसा घरात वाजवणं बंद. म्हणून ते पार्कात.

निखिल आणि श्रुती वाईट नव्हते. हेच वाईट होतं. वाईट असते तर भांडता आलं असतं. ते गोड बोलायचे. "बाबा, तुम्ही आराम करा." भांडी घासायला गेले, बाबा, आराम करा. कपडे वाळत घालायला गेले, बाबा, आराम करा. माझी सुनंदा मला म्हणते, आई, कणीक तशीच पडलीये, हात मोडलेत का? मी शिव्या घालत मळते. पण मळते. उपळेकरांना कोणी शिवीसुद्धा दिली नाही.

एकदा फेरी मारताना मी विचारलं, त्या दरबारात या लोकांना किती दिवस ठेवून घ्यायचे? त्यांनी मला सगळी पद्धत सांगितली. वाजवणाऱ्याने कधी विचारायचं नाही की राहू का. ते शोभत नाही. राजाला ठेवायचा असला तर दरबारात त्याला जागा दाखवतात आणि म्हणतात, बसा. एवढा एक शब्द. तो म्हटला की राहायला घर, शिधा, सगळं आलं. आणि पाठवायचा असला तर काही बोलत नाहीत. खांद्यावर शाल घालतात, हातात नारळ देतात. शहाण्याने काय ते समजायचं.

"आमच्या मालकांना वर्कशॉपातून रिटायर होताना तेच दिलं," मी म्हटलं. "दुसऱ्या दिवशी डबा राहिला म्हणून आणायला गेले तर वॉचमनने गेटवर अडवलं."

"बघा," उपळेकर म्हणाले. "पद्धत अजून चालू आहे."

थंडी वाढली तसे नियम कडक झाले. चालायला परवानगी, बसायला नाही. बाकांवर पट्ट्या बांधल्या. एक तरुण पोलीस आला, उंच, मास्क लावलेला, आणि गवतावर बसलेल्या उपळेकरांना म्हणाला की व्यायाम चालू ठेवा, बसू नका. उपळेकरांनी कारखान्यातलं ऑफिसचं इंग्रजी काढलं. "सर, धिस इज नॉट सिटिंग. धिस इज पोझिशन."

पोलीस हसला असावा, मास्कमुळे कळलं नाही. "नो वरीज, मेट. पण बसायचं नाही."

मग उपळेकर व्हायोलिन पाठीला लावून नुसते चालायचे. कोणी दिसलं नाही की बसायचे, गाडी दिसली की उठायचे. पंचाहत्तरीला आलेला माणूस. गुडघे कडाकडा वाजायचे. "मला कोणीच बसू देत नाही," असं एकदाच म्हणाले. हसून म्हणाले म्हणून मी पण हसले.

आता इराचं सांगायचं. इरा त्यांची नात, नऊ वर्षांची. शाळेत व्हायोलिन शिकायची. शाळा बंद झाली तशी तिची बाई कंप्यूटरवरून शिकवायला लागली. उपळेकर या देशात उतरले त्या दिवशी विमानतळावर नातीच्या पाठीला व्हायोलिनची पेटी बघून त्यांना रडू आलं होतं. ते मला त्यांनी नाही, श्रुतीने सांगितलं. "बाबा फारच इमोशनल आहेत," असं.

पोरगी उभी राहून, हनुवटीखाली धरून वाजवायची. आजोबा खाली, पायावर. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "आजोबा, यू आर होल्डिंग इट राँग." आजोबांनी तिला खलाशाची गोष्ट सांगितली. पोरीला खलाशी आवडला. ती रोज शाळेचे तास आणि आईचे कॉल संपले की गॅरेजमध्ये जाऊन वाजवायला लागली. एकदा ते, एकदा ती. मला कुंपणापलीकडून ऐकू यायचं. तिचा सूर लाकडी पट्टीसारखा सरळ, यांचा उतारावरून घरंगळल्यासारखा. हळूहळू दोन्ही सारखे व्हायला लागले. कोणाचा कुठला ते मला कळेना. आधीच म्हटलं ना, मला गाण्यातलं काही कळत नाही. पण तेवढे दिवस मी भांडी बाहेर नळावर घासली.

मग तिच्या बाईने तक्रार केली. परीक्षा जवळ आली होती, व्हिडिओवर वाजवून पाठवायची. बाई म्हणाली, मुलीचे सूर घसरतायत. एका सुरावरून दुसऱ्यावर सरळ जात नाही, मध्ये ओढते. खांदाही पडायला लागलाय. घरात कोणी वेगळं शिकवतं का? श्रुतीने त्या संध्याकाळी अंगणातच निखिलला सांगितलं, "बाबांना तू सांग. मी सांगितलं तर वाईट दिसेल." निखिलने सांगितलं. काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. शेवटचं तेवढं आलं. "परीक्षा होईपर्यंतच हो, बाबा. तोवर तुम्ही आराम करा."

दुसऱ्या दिवशी फेरी मारताना मला वाटलं, आता म्हातारा श्रुतीला चार शब्द बोलेल. मीही तयारीत होते, माझ्याकडे आठ होते. तर त्यांनी दुसरीच गोष्ट काढली. म्हणे या देशाच्या वरच्या टोकाला पूर्वी समुद्रापलीकडच्या बेटांवरून मकासरचे कोळी यायचे. गलबतं भरून, समुद्रातले किडे गोळा करायला. वारा इकडे वळला की यायचे, किनाऱ्यावर राहायचे, रात्री गायचे, वारा फिरला की परत. इथल्या मूळच्या लोकांनी त्यांचे शब्द आपल्या गाण्यात घेतले. टीव्हीवर दाखवत होते म्हणे, अजून गातात.

"आलं, बसलं, आपलं झालं," मीच म्हणून टाकलं.

"शब्द बसले," उपळेकर म्हणाले. "माणसं गेली. वारा फिरला की जायचे. माझा वाराच बंद आहे, कदमबाई."

त्यानंतर ते बदलले. पार्कात आले की मला म्हणायचे, तुम्ही फेरी मारा, मी आलोच, आणि शेडच्या मागे मोठ्या निलगिरीआड जायचे. तिथून काही सुरू व्हायचं, थांबायचं, पुन्हा सुरू. त्यांचं नेहमीचं नव्हे, काहीतरी तुटक, मुलांच्या पाढ्यांसारखं. गोष्टी बंद. खलाशी गेला, सनई गेली. गळ्याला, जबड्याखाली, डाव्या बाजूला लाल चट्टा उठला. मी विचारलं, नायटा आहे का? म्हणाले, मास्कचा. मास्क काय मानेला लावतात? मान एका बाजूला धरलेली, वळायचं तर सगळं अंग वळवायचे. मी सुंठीचा लेप करून दिला. मला वाटलं, अर्धांगाची सुरुवात असेल. सुनंदाला तसं बोललेही. ती म्हणाली, आई, तुला प्रत्येकाचं वाईटच दिसतं. दिसतं. त्याला मी काय करू?

पंचाहत्तरी आली. निखिलने मनापासून केलं, हे म्हणायला पाहिजे. सांगलीचे नातेवाईक, पुण्याचे, सिडनीत गिरावीनला श्रुतीची बहीण, सगळे कंप्यूटरवर. आम्ही कुंपणापलीकडे, पण आम्हीही कंप्यूटरवरच. दुसऱ्याच्या घरात जायची बंदी. सुनंदाने लॅपटॉप डायनिंग टेबलावर ठेवून मला समोर बसवलं आणि आमचा आवाज बंद केला, मी मध्ये बोलते म्हणून.

एवढ्या चौकोनांत उपळेकर मधल्या चौकोनात. इस्त्रीचा झब्बा, शेजारी इरा, मागे श्रुतीने लावलेले फुगे. सगळ्यांनी दोन-दोन शब्द बोलून झाले. मग उपळेकर म्हणाले, "यजमानांची परवानगी असेल तर थोडं वाजवतो."

श्रुतीचं तोंड मला दिसलं. निखिल म्हणाला, "वाजवा ना, बाबा."

मला वाटलं आता बसणार, मोजा काढणार. ते उभे राहिले. व्हायोलिन उचललं आणि हनुवटीखाली धरलं, त्या लाल चट्ट्यावर बरोबर टेकवून. खांदा सरळ. कोपर इराच्या बाईला लागतं तसं. आणि म्हणाले, "इराची परीक्षेची चीज."

तेव्हा मला निलगिरीआडचे सगळे दिवस एकदम कळले. जन्मभर बसून वाजवलेला माणूस म्हातारपणी उभं राहायला शिकला होता. सूर न ओढता सरळ ठेवायला शिकला होता. नातीच्या शेजारी उभं राहू देतील म्हणून.

गज फिरला. आवाज नाही.

गज फिरतोय, बोटं चाललीत, आणि आवाज नाही. आधी मला वाटलं आमचं बिघडलं. मग सांगलीचे कोणी म्हणाले, "काका, आवाज येत नाही." पुण्याचे म्हणाले, "अनम्यूट करा." गिरावीनची बहीण म्हणाली, "जिजू, सेटिंग बघा." माणसांची बोलणी सगळी ऐकू येत होती. नंतर सुनंदाने सांगितलं की त्या यंत्राला माणसाचा आवाज तेवढा कळतो, बाकी सगळं ते गोंगाट समजून कापून टाकतं. पंख्याचा आवाज, मिक्सरचा, आणि उपळेकरांचं व्हायोलिन.

मधल्या चौकोनातून फक्त इराचा आवाज आला. "मम, ही इज स्टँडिंग. ही इज डूइंग इट प्रॉपर्ली." आणि श्रुतीचा, "श्श."

उपळेकर डोळे मिटून वाजवत होते. निखिल इकडून तिकडून बटणं दाबत होता, कपाळावर घाम. शेवटी त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, असू द्या. कोणाला ऐकू जात नाहीये. आपण पुढचं घेऊ."

पुढचं काय होतं? श्रुतीने ताट आणलं. निखिलने शाल उघडली, बापाच्या खांद्यावर घातली आणि हातात नारळ ठेवला.

मी ओरडले, "अरे, नारळ देऊ नकोस." सुनंदा दचकली. पण आमचा आवाज बंद होता.

उपळेकरांनी नारळाकडे बघितलं. मग व्हायोलिन खाली ठेवलं, शाल सारखी केली आणि कमरेत वाकून मुलाला नमस्कार केला. चौकोनाचौकोनांतून टाळ्या वाजल्या. त्या मात्र स्पष्ट ऐकू आल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निखिलला परतीच्या खास विमानाचं बघायला सांगितलं. निखिलने थांबवायचा प्रयत्न केला. तिकडे रोग वाढलाय, एकटे कसे राहाल, सगळं म्हणाला. उपळेकर म्हणाले, "नाही, यजमान. झालं."

मी निखिलला कुंपणावरून झापलं, नारळ कशाला दिलास म्हणून. तो बिचारा गोंधळला. "मावशी, पंचाहत्तरीला देतातच ना? फॉस्टर स्ट्रीटवरच्या आपल्या दुकानातून मुद्दाम मागवला." बरोबर होतं त्याचं. देतातच. त्याला काय समजावणार?

मग मी उपळेकरांना समजवायला गेले. म्हटलं, अहो, तो नारळ वाढदिवसाचा होता. तुमच्या दरबाराचा नव्हता.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "मी वेडा नाही, कदमबाई. नारळ कशाचा ते त्याला कळलं नाही. त्याच्या हाताला कळलं होतं." आणि थोडं चालून झाल्यावर म्हणाले, "पोरगी म्हणाली, बरोबर वाजवतायत. ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं," मी म्हटलं. तेवढं ऐकलं होतं.

विमानाच्या दिवशी सकाळी ते पार्कात आले, पाठीला व्हायोलिन, हातात तोच नारळ. "हा तुम्ही घ्या. विमानात नेऊ देत नाहीत." मी घेतला. आम्ही एक फेरी मारली. दुसरी मारायची त्यांच्यात ताकद नव्हती आणि मला इच्छा नव्हती. आमच्या त्या ओल्या गवताजवळ आल्यावर मी म्हटलं, "बसा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बघताय काय? बसा म्हटलं ना."

उपळेकर बसले. बूट काढला, मोजा काढला, मोज्याची घडी खिशात ठेवली. व्हायोलिनचं डोकं घोट्यावर, दुसरी बाजू छातीशी. आणि इराची परीक्षेची चीज वाजवली, पण आपल्या पद्धतीने, एकेक सूर ओढत, घरंगळत. छान होती का? मला काय कळतंय. लांब होती एवढं आठवतं.

मध्येच पोलिसाची गाडी आली. तोच उंच पोरगा उतरला. उपळेकर उठायला लागले तशी मी त्यांच्या आणि पोलिसाच्या मध्ये जाऊन उभी राहिले, हातात नारळ धरून. म्हटलं, "ओल्ड मॅन. टुडे गोइंग. सिट." पोलिसाने नारळाकडे बघितलं. माझा विचार त्याला कळला असावा. "टू मिनिट्स," म्हणाला आणि जाऊन गाडीत बसला. दोन मिनिटांनी काही आला नाही.

वाजवून झाल्यावर उपळेकर मोजा चढवत होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून पुन्हा तेच विचारलं. "त्या खलाशाच्या बायकोचं काय झालं हो?"

बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले, "ती आधीच गेली असणार. म्हणून तर तो जहाजावर चढला."

ते सांगलीला पोचले. जगले. आपल्या दोन खोल्यांत एकटे राहतात, डबा लावलाय. रविवारी फोन करतात. पार्क कसं आहे, कुत्री येतात का, पोलीस भेटतो का, सगळं विचारतात. इराचं विचारत नाहीत. मी नारळाच्या वड्या केल्या, नासून कोणाचं भलं होणार होतं? अर्ध्या कुंपणापलीकडे दिल्या. गॅरेजमध्ये आता चालायचं मशीन आलंय.

इराची परीक्षा झाली. श्रुती आनंदाने सांगत होती, एवढं स्वच्छ वाजवलं की परीक्षकाने लिहिलंय, एकही सूर घसरला नाही.

मग परवा दुपारी मी कपडे काढायला अंगणात गेले. पलीकडे पोरगी काहीतरी नवीन वाजवत होती, सरळ, पट्टीसारखं. आणि मध्येच एक सूर घसरला. थोडासाच, पण तसाच, उतारावरून आल्यासारखा. मी हातातला टॉवेल धरून उभी राहिले. पोरगी थांबली. खिडकीतून दिसत होतं, खोलीत कोणी नव्हतं, तरी "सॉरी" म्हणाली. मग पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. त्या जागेवरून सरळ गेली. पुन्हा एकदा वाजवलं. पुन्हा सरळ.

रविवारी उपळेकरांचा फोन आला. पार्क झालं, कुत्री झाली. मी सांगितलं, "परवा तुमच्या नातीचा एक सूर घसरला. तुमच्यासारखा."

पुढचं नाही सांगितलं.

तिकडून हळूच, एवढाच शब्द आला.

"आलं."

पुढचं त्यांनी म्हणायच्या आत मी म्हटलं, कुकर लावलाय, ठेवते.